डोळ्यासमोर पडदा आला, तर उद्यावर ढकलू नका



डोळ्यांच्या आजारांविषयी बोलायचे म्हटले की आपल्यापुढे पहिल्यांदा मोतीबिंदू येतो. शिबिरे मोतीबिंदूची भरतात, दानदाते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी देणगी देतात, आणि पाड्यावरची आजीसुद्धा ‘डोळ्यात मोती आलाय’ असेच म्हणते. ते योग्यही आहे. मोतीबिंदूने अंधत्व आलेल्या माणसाला बहुतेक वेळा पुन्हा दिसू लागते, आणि महिना-दोन महिने थांबल्याने सहसा फार बिघडत नाही. पण या सवयीमुळे आपल्या मनात एक समजूत पक्की झाली आहे: डोळ्याचे दुखणे थांबू शकते, पुढच्या शिबिरात दाखवू. या अंकात ज्या दुखण्याविषयी लिहायचे आहे, ते थांबत नाही. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, आपल्या जागेवरून सुटणे हे ते दुखणे. त्यात एक-दोन दिवसांचा उशीरही माणसाची नजर कायमची घेऊन जाऊ शकतो.

एक प्रसंग असा समजा

नरडाण्याजवळच्या एका वस्तीवर पंचावन्न-साठ वर्षांच्या एक मावशी आहेत. गेल्या वर्षी शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, चांगले दिसू लागले, कापूस वेचायला जाऊ लागल्या. एका संध्याकाळी चुलीपुढे बसल्या असताना त्यांना उजव्या बाजूला वीज चमकल्यासारखे झाले. आभाळ निरभ्र होते. दुसऱ्या दिवशी डोळ्यापुढे काळे ठिपके आणि कोळिष्टकासारखे धागे तरंगू लागले. माशी समजून त्यांनी दोन-तीनदा हातही हलवला. डोळा लाल नव्हता, पाणी येत नव्हते, दुखत तर मुळीच नव्हते. सून म्हणाली, “आई, दवाखान्यात जायचं का?” मावशी म्हणाल्या, “दुखत नाही गं पोरी. वेचणी संपू दे, मग पाहू.” चौथ्या दिवशी खालच्या बाजूने काळी सावली वर चढू लागली. आठव्या दिवशी त्या डोळ्याला समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना.

हा प्रसंग कोणा एका व्यक्तीचा नाही, पण नेत्रविभागात काम करणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. ‘दुखत नाही’ या दोन शब्दांनी पुष्कळ डोळे गेले आहेत. दृष्टिपटलात वेदना जाणवण्याची सोयच नाही. तो फाटला तरी दुखत नाही आणि सुटला तरी दुखत नाही. म्हणून इथे वेदनेची वाट न पाहता खुणांकडे लक्ष द्यावे लागते.

पडदा म्हणजे काय, आणि तो सुटतो कसा

डोळा हा एक लहानसा पोकळ गोळा आहे. समोर बुबुळाची पारदर्शक काच, तिच्यामागे भिंग, आणि अगदी मागच्या भिंतीला आतून चिकटलेला कागदाहूनही पातळ पडदा, म्हणजे दृष्टिपटल. बाहेरचा उजेड भिंगातून जाऊन या पडद्यावर पडतो, पडदा त्याचा संदेश बनवतो आणि नसेमार्फत मेंदूकडे पाठवतो. भिंग खराब झाले तर नवे बसवता येते. मोतीबिंदूत तेच करतात. पडदा मात्र बदलता येत नाही. आहे तोच वाचवायचा असतो.

या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींना प्राणवायू आणि अन्न मुख्यतः त्या थरातून मिळते. पडदा थराला चिकटून आहे तोवर ठीक. सुटला की त्या पेशींची उपासमार सुरू होते. उपटलेले रोप लगेच लावले तर जगते, उन्हात पडून राहिले तर पुन्हा लावूनही उपयोग होत नाही, तसेच हे आहे.

डोळ्याची पोकळी एका पारदर्शक, जेलीसारख्या गराने भरलेली असते. तरुणपणी तो घट्ट असतो. वयाच्या पन्नाशीनंतर तो हळूहळू पातळ होतो, आकसतो आणि एके दिवशी पडद्यापासून वेगळा होतो. बहुतेकांच्या बाबतीत ही केस पिकण्यासारखी साधी गोष्ट असते. पण काही ठिकाणी गर पडद्याला जास्त घट्ट चिकटलेला असतो, आणि वेगळा होताना तो पडद्याला ओढतो. त्या ओढीमुळे पेशी उगाच जाग्या होतात आणि माणसाला वीज चमकल्यासारखे दिसते. ओढ जास्त झाली तर पडद्याला चीर पडते. थोडे रक्त गरात उतरले की काळे ठिपके दिसतात. मग पातळ झालेला गर त्या चिरेतून पडद्यामागे शिरतो. भिंतीला भोक पडून ओल आत शिरली की गिलाव्याला पोपडे सुटतात, तसा पडदा सुटत जातो.

म्हणजे ही साखळी अशी आहे: ओढ, चीर, पाणी शिरणे, पडदा सुटणे. चीर पडणे आणि पडदा सुटणे यांमध्ये कधी काही तास जातात, कधी दिवस, तर कधी आठवडे. हा मधला वेळ हाती लागला तर उपचार सोपा असतो.

चार खुणा

पहिली खूण, चमक. अंधारात किंवा डोळे हलवल्यावर बाजूला विजेची रेघ चमकल्यासारखे दिसते.

दुसरी खूण, नवे ठिपके. डोळ्यापुढे एखादा धागा तरंगणे पुष्कळांना वर्षानुवर्षे असते, त्याची भीती नाही. पण अचानक ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे झाले, काजळी उडाल्यासारखी दिसली, किंवा जुन्या ठिपक्यांत एकदम भर पडली, तर ती नवी खूण समजावी.

तिसरी खूण, पडदा किंवा सावली. नजरेच्या एका कडेने काळी किंवा करडी सावली येते आणि ती हळूहळू मध्याकडे सरकते.

चौथी खूण, नजर एकदम मंद होणे. सरळ चौकट वाकडी दिसते, चेहरा ओळखू येत नाही, अक्षरे लागत नाहीत.

सावलीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते. म्हणून सावली खालून चढत असेल तर पडदा वरच्या बाजूने सुटलेला असतो. वरून सुटलेल्या पडद्यामागचे पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि मध्यभागाकडे लवकर पोहोचते. मावशींच्या बाबतीत तसेच झाले. अशा रुग्णाला विशेष घाई करावी लागते.

पडद्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाची लहानशी जागा असते. डॉक्टर तिला मॅक्युला म्हणतात. सुईत दोरा ओवणे, वाचणे, माणूस ओळखणे ही सगळी बारीक नजर त्या एका जागेवर अवलंबून असते. पीतबिंदू सुटण्याआधी रुग्ण पोहोचला, तर नजर बहुधा पूर्वीसारखी राहू शकते. तो सुटल्यानंतर पोहोचला, तर पडदा पुन्हा चिकटवता येतो, पण बारीक नजर पूर्ण परतेलच असे नाही. म्हणून सावली कडेला असताना आणि समोरचे अजून स्वच्छ दिसत असताना निघायचे. ‘अजून दिसतंय ना’ म्हणून थांबण्याची ती वेळ नव्हे. डोळा वाचवण्याची तीच खरी वेळ असते.

एक डोळा झाकून पाहा

ही तपासणी घरी कोणालाही करता येते. आपण दोन्ही डोळ्यांनी पाहतो तेव्हा चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो. कित्येकांना एका डोळ्याची नजर गेल्याचे योगायोगानेच कळते. म्हणून तळहाताने एक डोळा न दाबता झाकावा आणि दुसऱ्या डोळ्याने दाराच्या चौकटीकडे किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहावे. चारही कडा दिसतात का, रेघ सरळ दिसते का, कुठे काळे आहे का, हे पाहावे. मग दुसरा डोळा झाकावा. दोन मिनिटांचे काम आहे. आठवड्यातून एकदा, उपासनेनंतर घरी परतल्यावर, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हे करून घेतले तरी पुष्कळ झाले.

ज्याला नव्याने चमक आणि ठिपके दिसू लागतात, अशा प्रत्येकाचा पडदा फाटलेला नसतो. अशा साधारण सात-आठ जणांत एकाच्या पडद्याला चीर सापडते. बाकीच्यांना डॉक्टर ‘काळजी नको’ म्हणून घरी पाठवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. पण तो एक कोण, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. बाहुली मोठी करून आत पाहावेच लागते.

कोणाला धोका अधिक

जगभरच्या पाहण्यांनुसार दर दहा हजार माणसांत वर्षाला साधारण एकाला हा आजार होतो. धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २० लाखांहून थोडी अधिक होती. तोच ढोबळ हिशेब लावला तर या एका जिल्ह्यात वर्षाला दोनशेच्या आसपास माणसे होतात. जिल्ह्यातील जवळपास तीस टक्के लोक आदिवासी आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

पन्नाशी उलटलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, चष्म्याचा उणे नंबर मोठा असलेले, एका डोळ्याचा पडदा आधीच सुटलेला असलेले, आणि घरात कोणाला हा आजार झालेला असलेले, या सर्वांनी जास्त सावध राहावे. मधुमेहींच्या पडद्यावर नवीन कमकुवत रक्तवाहिन्या वाढतात, त्यांच्या दोऱ्या आकसून पडदा ओढला जातो. त्यात चमक किंवा ठिपके नसतानाही पडदा सुटू शकतो. म्हणून मधुमेहींनी वर्षातून एकदा पडदा तपासून घेणे आवश्यक आहे.

आपल्या भागात आणखी दोन कारणांकडे लक्ष द्यायला हवे.

पहिले मार लागण्याचे. डोळ्याला बोथट मार लागला की डोळ्याचा गोळा क्षणभर दबतो, आणि पडदा कडेला फाटू शकतो. मुलांमध्ये विटीदांडूची विटी, गलोलीचा खडा, फटाका, चेंडू ही नेहमीची कारणे आहेत. मोठ्यांमध्ये लाकूड फोडताना उडालेली ढलपी, ऊसतोडीत डोळ्यावर बसलेला फटका, बैलाचे शिंग, रस्त्यावरचा अपघात. मुलांच्या डोळ्यातला गर घट्ट असल्यामुळे फाटलेला पडदा हळूहळू सुटतो, कधी महिन्यांनी. तोवर मार विसरला गेलेला असतो, आणि मूल एका डोळ्याने दिसत नाही हे सांगत नाही. म्हणून डोळ्याला जोराचा मार लागला तर सूज उतरली, लाली गेली, एवढ्यावर समाधान मानू नये. पडदा तपासून घ्यावा, आणि डॉक्टर बोलावतील तेव्हा पुन्हा जावे.

दुसरे कारण सिकलसेलचे. धुळे-नंदुरबारच्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा रक्ताचा आजार बराच आढळतो. देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाचे अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. डोळ्याच्या पडद्याच्या कडेलाही तसे होते. रक्त न पोहोचलेल्या जागी कमकुवत नव्या वाहिन्या वाढतात, त्या फुटून रक्तस्राव होतो आणि पुढे पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. हे तरुण वयातही होते. म्हणून सिकलसेलचा रुग्ण असलेल्या तरुणाने ‘डोळ्यापुढे जाळे आले’ म्हटले, तर त्याचे वय पाहून दुर्लक्ष करू नये. सिकलसेलचा आजार असो वा केवळ वाहकपणा, नेत्रतज्ज्ञांना तपासणीचे कार्ड दाखवावे. डोळ्याला मार लागून आत रक्त साठल्यास किंवा शस्त्रक्रिया ठरल्यास त्यांना ही माहिती हवीच असते.

काय करावे, काय करू नये

वरच्या चारपैकी एकही खूण नव्याने दिसली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. नरडाण्याहून सोनगीरमार्गे धुळे रस्त्याने गाठता येते, आणि सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने अमळनेर, जळगावकडे जाता येते. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जळगाव आणि नंदुरबार येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पडद्याची शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक दिवशी असतीलच असे नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून नेमका प्रश्न विचारावा: “अचानक चमक आणि काळे ठिपके दिसताहेत, आज पडदा तपासणारे डॉक्टर आहेत का?” नसतील तर कुठे जायचे तेही तिथेच विचारून घ्यावे. ‘डोळ्याला कमी दिसतंय’ एवढेच सांगितले तर पुढच्या आठवड्याची तारीख मिळण्याचा संभव असतो.

बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास धूसर दिसते. म्हणून रुग्णाने स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये, कोणीतरी सोबत असावे. जुन्या शस्त्रक्रियेचे कागद, चष्मा, चालू गोळ्या आणि शिधापत्रिका-ओळखपत्र बरोबर घ्यावे.

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब टाकू नयेत. सुटलेला पडदा कोणत्याही थेंबाने चिकटत नाही. मध, पाल्याचा रस, कांद्याचा रस, दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. त्याने पडदा जागेवर येत नाहीच, उलट डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. वाटेत डोळा चोळू नये. काटा किंवा लोखंडाचा कण डोळ्यात घुसला असेल तर तो ओढून काढू नये, डोळ्यावर दाब देऊ नये. कागदी पेला उलटा ठेवून डोळा झाकावा आणि तसेच निघावे.

पाड्यावर भगताकडे जाण्याची रीत आहे. तिची टिंगल करून उपयोग होत नाही, माणूस फक्त आपल्याशी बोलणे बंद करतो. “दादा, आधी दवाखान्यात जाऊन येऊ, परत आल्यावर घरचे जे करायचे ते करा,” असे म्हटले तर वेळ वाचतो.

डोळा दुखतो आहे, लाल झाला आहे आणि नजर कमी झाली आहे, हेही तातडीचेच दुखणे आहे, विशेषतः नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर. कारण वेगळे असते, घाई तीच. उलट, दोन्ही डोळ्यांपुढे नागमोडी चकाकी येऊन वीस-तीस मिनिटांत गेली आणि मग डोके दुखले, तर ती बहुधा अर्धशिशी असते. पण पहिल्यांदाच झाले असेल तर दाखवून घ्यावे.

दवाखान्यात काय होते

डॉक्टर कपाळावर दिवा लावून, हातात भिंग धरून पडद्याचा कानाकोपरा पाहतात. मोतीबिंदूमुळे किंवा रक्तामुळे आतले दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात.

नुसती चीर असेल आणि पडदा सुटला नसेल, तर चिरेभोवती लेसरचे डाग देतात किंवा थंडाव्याने तो भाग शेकतात. काही दिवसांत तिथे घट्ट व्रण तयार होतो आणि पाणी आत शिरायची वाट बंद होते. हे बहुधा बाह्यरुग्ण विभागातच होते, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

पडदा सुटला असेल तर शस्त्रक्रिया लागते. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून त्याच्या दाबाने चीर बंद करतात. दुसऱ्यात डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवून भिंत आत दाबतात, म्हणजे ती पडद्याला जाऊन भिडते. तिसऱ्यात बारीक छिद्रांतून आतला गर काढून घेतात, पडदा बसवतात, लेसर देतात आणि पोकळीत वायू किंवा सिलिकॉनचे तेल भरतात. पहिल्याच शस्त्रक्रियेत दहापैकी आठ-नऊ जणांचा पडदा चिकटतो. काहींना दुसरी शस्त्रक्रिया लागते. तेल भरले असेल तर ते काही महिन्यांनी काढण्यासाठी पुन्हा यावे लागते. हे आधीच समजावले नाही, तर ‘एकदा झाले ना’ म्हणून रुग्ण येत नाही आणि डोळ्याचे नुकसान होते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कठीण असतात. बुडबुडा नेमका चिरेवर टेकावा म्हणून काही रुग्णांना दिवसातला बराच वेळ मान खाली घालून किंवा एका कुशीवर राहावे लागते, कधी आठवडाभर. मातीच्या घरात, एका खोलीत, लेकराबाळांत हे सोपे नाही. शेजारी बसून पाणी देणारे, आठवण करणारे माणूस लागते.

वायू भरलेल्या रुग्णाने उंचावर जायचे नसते. वर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. विमानप्रवास यासाठीच बंद असतो. पण आपल्या भागात प्रश्न विमानाचा नाही, घाटाचा आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. खाली शहरात शस्त्रक्रिया करून शहाद्याहून गाडीने घाट चढून घरी निघालेला रुग्ण वाटेतच संकटात सापडू शकतो. वायूच्या प्रकाराप्रमाणे तो विरघळायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणून सातपुड्यातल्या रुग्णाने शस्त्रक्रियेआधीच सांगावे, “डॉक्टरसाहेब, माझे घर डोंगरावर आहे.” मग डॉक्टर तेलाचा विचार करतात, किंवा रुग्णाला खाली कुठे राहायचे याची सोय आधी होते.

हे नेहमीच शक्य नव्हते

शंभर वर्षांपूर्वी हा आजार म्हणजे अंधत्वच होते. रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पाडून ठेवत, तरी जवळजवळ कोणाचीच नजर परत येत नसे. स्वित्झर्लंडमधील लोझान शहराचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी अगणित डोळे तपासून ठामपणे सांगितले की पडद्याची चीर हेच मूळ आहे, ती बंद केली तर पडदा चिकटतो. पुष्कळ वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही. १९३५ साली ते वारले, तोवर त्यांचे म्हणणे जगाने मान्य केले होते.

आज डॉक्टर कपाळावर लावतात त्या, दोन्ही डोळ्यांनी पाहण्याच्या दिव्यामागे चार्ल्स शेपेन्स हे नाव आहे. हे बेल्जियमचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात खोट्या नावाने फ्रान्स-स्पेन सरहद्दीवरच्या डोंगरात लाकडाची गिरणी चालवत त्यांनी शंभराहून अधिक माणसांना नाझींपासून सुखरूप पलीकडे पोहोचवले. पुढे ते अमेरिकेत बॉस्टनला गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. एस. एस. बद्रीनाथ भारतात परतले आणि १९७८ मध्ये त्यांनी चेन्नईत शंकर नेत्रालय स्थापन केले. एका माणसाने दुसऱ्याला शिकवत हे ज्ञान आपल्या देशात आले. पाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून पुरा व्हायचा आहे.

आपण काय करू शकतो

शस्त्रक्रियेच्या खर्चाला घाबरून पुष्कळजण घरीच राहतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे जिल्हा होता. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, इथे होते का, कोणते कागद लागतात, हे त्याला आधी विचारावे. आपल्यापैकी शिकलेल्या कोणी एकाने रुग्णासोबत जाऊन एवढे विचारले तरी अर्धे ओझे उतरते.

योजनेतून शस्त्रक्रिया झाली तरी काही खर्च उरतोच: गाडीभाडे, सोबत्याचे जेवण, शहरात आठ दिवस राहण्याची जागा, आणि बुडालेली मजुरी. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले कुटुंब उचल घेऊन गेलेले असते, त्यांना काम सोडून येणे म्हणजे कर्ज डोक्यावर घेणे. ‘वेचणी संपू दे’ असे मावशी म्हणाल्या, त्यामागे अज्ञानापेक्षा हा हिशेब अधिक असतो. म्हणून नेत्रसेवेसाठी देणगी देताना थोडी रक्कम तातडीच्या प्रवासासाठी आणि सोबत्यासाठी वेगळी ठेवण्याचा विचार मंडळ्यांनी करावा. ती रक्कम रात्री दहा वाजता हाती मिळणारी हवी, पुढच्या सभेच्या ठरावाची वाट पाहणारी नको.

मोतीबिंदू शिबिरात मदतीला जाणाऱ्यांनी प्रत्येक रुग्णाला घरी निघताना चार वाक्ये त्याच्या भाषेत सांगावीत. अहिराणी बोलणाऱ्याला ‘डोळा’पेक्षा ‘डोया’ जवळचा वाटतो, पावरा-भिल्ल घरांत त्यांच्याच बोलीत बोलणारे माणूस हवे. ती चार वाक्ये अशी:

१. डोळ्यात वीज चमकली, तर त्याच दिवशी दाखवा.
२. अचानक काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी दाखवा.
३. कडेने सावली आली, तर ताबडतोब निघा, रात्र असली तरी फोन करा.
४. दुखत नाही म्हणून थांबू नका.

हा चौकोन कापून समाजमंदिराच्या, दवाखान्याच्या किंवा किराणा दुकानाच्या भिंतीवर लावला तरी चालेल. आशाताई आणि अंगणवाडीताईंना एकेक प्रत द्यावी.

आता पुन्हा त्या मावशींकडे या. समजा, दुसऱ्या दिवशी सुनेने चौकट दाखवून एक डोळा झाकायला लावला. समजा, शेजारच्या कोणी म्हटले, “मावशी, भाड्याचं मी बघतो, वेचणीला दोन बाया पाठवतो, तुम्ही गाडीत बसा.” त्या दिवशी डॉक्टरांना फक्त चीर सापडली असती. लेसरचे काही डाग, संध्याकाळी घरी, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा शेतात. दोन्ही गोष्टींत मावशी त्याच, डोळा तोच. फरक सहा दिवसांचा आहे, आणि ते सहा दिवस वाचवणे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे.

हा अंक हातावेगळा करण्याआधी आपला एक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे पाहा. मग दुसरा. आणि घरातल्या आजी-आजोबांनाही बोलवा.